व्यासपीठ शासनाचे, घोषणा पक्षाच्या

२२ जुलै २०२० रोजी राज्यसभेच्या नवनिर्वाचित सदस्यांचा शपथविधी झाला. करोनाच्या सावटात परस्परांत अंतर राखता यावे म्हणून हा विधी सभागृहातच योजण्यात आला होता. साताऱ्याचे उदयनराजे भोसले यांनी शपथ घेतली आणि शेवटी ‘जय हिंद, जय महाराष्ट्र, जय भवानी, जय शिवाजी’ असा जयघोष केला. सभापती व्यंकय्या नायडू यांनी तेथल्या तेथे समज दिली की, नोंद केवळ शपथेची होते, घोषणांची होत नाही, आणि नव्या सदस्यांनी हे पुढील काळासाठी ध्यानात ठेवावे. एवढीच ती घटना. परंतु त्या दिवशी संध्याकाळपर्यंत महाराष्ट्रात शिवछत्रपतींचा अवमान झाल्याची आवई उठली. निषेधाची पत्रके निघाली, ‘जय भवानी, जय शिवाजी’ लिहिलेली पत्रे नायडूंना पाठवण्याची मोहीम सुरू झाली. अखेर नायडूंना आपण शिवरायांचे आणि भवानीमातेचे भक्त असल्याचा खुलासा करावा लागला. स्वतः उदयनराजे यांनी अवमान झालाच नाही असे सांगून टाकले, तरी ज्यांना वाद हवा होता त्यांनी तो चालूच ठेवला.

या प्रसंगात एक गोष्ट फारशी कोणी पाहिली नाही. समज देणारे नायडू एके काळी भारतीय जनता पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते आणि ज्यांना समज मिळाली ते उदयनराजे त्याच पक्षाचे सदस्य होते. घोषणाही अशी की, ती ऐकून नायडूंच्या अंतःकरणात प्रतिकूल भाव उमटण्याचे काही कारण नव्हते. तरीही त्यांनी समज दिली, कारण त्या क्षणी ते कोणत्या पक्षातून आले याला अर्थ नव्हता, ते कोणत्या आसनावर बसले होते याला अर्थ होता. शिवरायांचा जयघोष चुकीचा आहे असे कोणी म्हटले नव्हते. शपथेचा मसुदा संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत शब्दशः दिलेला आहे आणि त्यात कोणाच्या आवडीनिवडीला जागा ठेवलेली नाही, इतकाच त्याचा आशय होता.

आज एका घोषणेला मुभा दिली की उद्या दुसरीला नाकारण्याचा नैतिक अधिकार उरत नाही, याचे प्रत्यंतर चारच वर्षांनी आले. जून २०२४ मध्ये अठराव्या लोकसभेच्या शपथविधीत असदुद्दीन ओवैसी यांनी शपथेला ‘जय पॅलेस्टाईन’ जोडले. देशाच्या संसदेत परक्या भूमीचा जयजयकार, म्हणून देशभर संताप व्यक्त झाला आणि तो स्वाभाविक होता. परंतु त्याच शपथविधीत बरेलीचे भाजप खासदार छत्रपाल गंगवार यांनी ‘जय हिंदू राष्ट्र’ म्हटले होते. विरोधकांनी लगेच त्याकडे बोट दाखवले. दोन्ही उद्गारांचा आशय एका तागडीत तोलता येणार नाही हे खरे. पण शपथेच्या पाठाच्या दृष्टीने दोन्ही शब्द उपरेच होते. लोकसभाध्यक्ष ओम बिर्ला यांनी त्यानंतर निर्देशांत दुरुस्ती करून शपथेच्या आधी वा नंतर कोणताही शब्द जोडण्यास मनाई केली. जे नायडू तोंडी सांगत होते ते लेखी करावे लागले. संकेत पाळला जात नाही तेव्हा नियम करावा लागतो, आणि ती काही प्रगतीची खूण नव्हे.

महाराष्ट्रातही हा अनुभव नवा नाही. ३० डिसेंबर २०१९ रोजी महाविकास आघाडी सरकारच्या मंत्रिमंडळाचा विस्तार झाला, तेव्हा काँग्रेसचे के. सी. पाडवी यांनी शपथेत पदरचे शब्द घातले. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्यांना थांबवून पुन्हा शपथ घ्यायला लावली. त्या वेळी राज्यपालांवर टीका झाली. ती करणाऱ्यांपैकी कितीजणांनी तिसरी अनुसूची उघडून पाहिली असेल?

अभिभाषण कोणाचे?

शपथेपेक्षाही अधिक अवहेलना वाट्याला येते ती अभिभाषणाच्या. संविधानाच्या ८७ व्या कलमानुसार राष्ट्रपती संसदेपुढे आणि १७६ व्या कलमानुसार राज्यपाल विधिमंडळापुढे जे भाषण करतात, ते त्यांचे व्यक्तिगत भाषण नसते. ते मंत्रिमंडळाने तयार केलेले सरकारचे निवेदन असते. राज्यपालांनी ते वाचावे, सदस्यांनी ते शांतपणे ऐकावे, आणि नंतर आभारप्रदर्शक ठरावाच्या चर्चेत त्याच्या चिंधड्या उडवाव्यात अशी योजना आहे. विरोध करण्यास भरपूर अवकाश ठेवलेला आहे, फक्त तो दुसऱ्या दिवशी ठेवलेला आहे. पण दुसऱ्या दिवसापर्यंत थांबण्याइतका धीर आता कोणाकडे उरलेला दिसत नाही.

३ मार्च २०२२ रोजी मुंबईत विधिमंडळाच्या अर्थसंकल्पीय अधिवेशनाच्या प्रारंभी कोश्यारी अभिभाषणास उभे राहिले. शिवाजी महाराज आणि समर्थ रामदास यांच्याविषयीच्या त्यांच्या एका विधानाने काही दिवसांपूर्वी मोठा रोष ओढवून घेतला होता. सत्ताधारी आघाडीच्या सदस्यांनी घोषणा सुरू केल्या. ज्या सरकारने ते अभिभाषण लिहून दिले त्याच सरकारचे आमदार ते वाचू देईनात, असा तो विलक्षण प्रकार! राज्यपालांनी जेमतेम प्रारंभ केला आणि ते राष्ट्रगीतासाठीही न थांबता निघून गेले. सदस्यांचे चुकले हे उघड आहे. पण राष्ट्रगीताआधी सभागृह सोडणे हेही राज्यपालपदाला शोभणारे नव्हते. रोष व्यक्तीवर होता, उत्तरही व्यक्तीने दिले, आणि मधल्या मध्ये राष्ट्रगीत राहून गेले.

याच मार्चमध्ये, अवघ्या चार दिवसांनी, कोलकात्यात हाच खेळ पात्रे बदलून झाला. ७ मार्चला पश्चिम बंगालच्या विधानसभेत राज्यपाल जगदीप धनखड यांना भाजपच्या आमदारांनी निवडणुकीतील हिंसाचाराच्या निषेधार्थ भाषण करू दिले नाही. त्या हिंसाचारात कार्यकर्त्यांचे जीव गेले होते, घरे जळाली होती, तेव्हा आमदारांचा उद्वेग समजण्यासारखा होता. तथापि धनखड हे त्याच हिंसाचाराविरुद्ध सातत्याने बोलत आलेले राज्यपाल होते, आणि त्यांनाच अडवून भाषणाची पहिली व शेवटची ओळ वाचण्यापुरते ठेवण्यात आले. मुंबईत जे निंद्य ठरले ते कोलकात्यात वंद्य कसे ठरेल? चार दिवसांच्या अंतराने दोन वर्तमानपत्रे समोर ठेवून वाचणाऱ्या सामान्य नागरिकाला हा प्रश्न पडला असेल तर त्याला दोष देता येणार नाही.

केरळात आरिफ मोहम्मद खान राज्यपाल असताना घडलेले दोन प्रसंग या संदर्भात एकत्र पाहण्यासारखे आहेत. जानेवारी २०२० मध्ये सरकारने लिहून दिलेल्या अभिभाषणात नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्ध एक परिच्छेद होता. खान यांचा या कायद्याला जाहीर पाठिंबा होता. काँग्रेसप्रणीत आघाडीच्या आमदारांनी सभागृहात त्यांची वाट अडवली. असे असूनही त्यांनी आपल्याला हे मान्य नाही असे सांगून, मुख्यमंत्र्यांच्या इच्छेचा मान राखत तो परिच्छेद वाचला. स्वतःचे मत झाकले नाही आणि पदाचे कर्तव्यही चुकवले नाही. राज्यपालाने कसे वागावे याचा तो नमुना होता. जानेवारी २०२४ मध्ये मात्र त्याच खान यांनी अभिभाषणाचा केवळ शेवटचा परिच्छेद वाचला आणि दोन मिनिटांच्या आत ते सभागृहाबाहेर पडले. चार वर्षांत सरकारशी त्यांचे संबंध किती विकोपाला गेले होते हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यात राज्य सरकारचा वाटा थोडाथोडका नव्हता. तरीही तुलना केली तर २०२० चे खान उंच दिसतात.

जुन्या पिढीतले लोक हळहळून म्हणतात की, पूर्वी असे नव्हते. ते अर्धेच खरे आहे. १८ फेब्रुवारी १९६३ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन संसदेच्या संयुक्त बैठकीपुढे इंग्रजीतून अभिभाषण करू लागले, तेव्हा काही सदस्यांनी हिंदीचा आग्रह धरून व्यत्यय आणला. त्यांत जनसंघाचे कर्नालचे खासदार स्वामी रामेश्वरानंद अग्रभागी होते. हिंदीचा आग्रह धरणे हे त्या काळी जनसंघाचे व्रतच होते. आग्रह अयोग्य नव्हता, वेळ अयोग्य होती. लोकसभेने सदस्यांच्या या वर्तनाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली, समितीने वर्तन अशोभनीय ठरवले आणि अध्यक्ष हुकमसिंग यांनी स्वामीजींना सभागृहात ताकीद दिली. म्हणजे गैरवर्तन तेव्हाही होत होते. फरक इतकाच की, तेव्हा त्याची चौकशी होत असे आणि त्याबद्दल सभागृहाला लाज वाटत असे.

मांडवात कोण बसतो?

सभागृहाला निदान अध्यक्ष असतो. शासकीय समारंभाच्या मांडवाला कोणीच नसतो. पुलाचे लोकार्पण, रेल्वेगाडीला हिरवा झेंडा, मेट्रोचे भूमिपूजन असे कार्यक्रम जनतेच्या पैशांतून होतात. निमंत्रणपत्रिका जिल्हाधिकारी कार्यालयातून निघते, व्यासपीठावरील खुर्च्यांचा क्रम राजशिष्टाचाराप्रमाणे लागतो, पोलीस, पाणी, वीज सारे सरकारी असते. परंतु समोरचा श्रोतृवर्ग मात्र बहुधा पक्ष कार्यालयातून येतो. आसनपत्रिका तेथून वाटल्या जातात, गाड्या तेथून सुटतात. परिणामी व्यासपीठ शासनाचे आणि मांडव पक्षाचा असा विजोड संसार उभा राहतो. त्यात कोनशिलेवर कोणाचे नाव वर आणि कोणाचे खाली, स्थानिक आमदाराचे नाव पत्रिकेत का नाही, यावरून रणे माजतात. एकाच रस्त्याचे दोन पक्षांनी दोनदा उद्घाटन केल्याच्या कथा महाराष्ट्रातील प्रत्येक तालुक्यात ऐकायला मिळतील. असो.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये या विजोड संसाराचे दर्शन देशाला घडले. पंतप्रधान नरेंद्र मोदी निरनिराळ्या राज्यांत शासकीय कार्यक्रमांना जात होते आणि त्या राज्यांचे काँग्रेसचे वा मित्रपक्षांचे मुख्यमंत्री बोलायला उभे राहिले की समोरून हुर्यो उडत होती. सोलापुरात पृथ्वीराज चव्हाण, कैथलमध्ये भूपिंदरसिंग हुड्डा, रांचीत हेमंत सोरेन, तिघांनाही हा प्रसाद मिळाला. पृथ्वीराज चव्हाण मग नागपूर मेट्रोच्या भूमिपूजनाला गेलेच नाहीत. ज्या शहराच्या मेट्रोचे भूमिपूजन होते त्या राज्याचा मुख्यमंत्री गैरहजर! निवडणुका तोंडावर होत्या, चव्हाणांनी गैरहजेरीचे राजकारण केले असेही म्हणता येईल. पण त्यांना ती संधी कोणी दिली? लोकसभेच्या निवडणुकीत भाजपला निर्भेळ बहुमत मिळून तेव्हा तीनच महिने झाले होते. जिंकलेल्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी हरलेल्या पक्षाच्या मुख्यमंत्र्याला चिडवण्याची गरज नव्हती. विजयच पुरेसा बोलका होता.

कोलकात्यातील प्रसंग याहून अधिक विचार करायला लावणारा आहे. २३ जानेवारी २०२१, नेताजी सुभाषचंद्रांच्या सव्वाशेव्या जयंतीवर्षाचा आरंभ. व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये पंतप्रधान उपस्थित आहेत, मुख्यमंत्री ममता बॅनर्जी बोलण्यास उभ्या राहतात आणि श्रोत्यांतून ‘जय श्रीराम’च्या घोषणा येतात. ममता बॅनर्जींनी हा शासकीय कार्यक्रम आहे, पक्षाचा नव्हे, त्याची काही प्रतिष्ठा राखली पाहिजे, असे सुनावून भाषण करण्यास नकार दिला. त्यांच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, ते वाक्य अचूक होते. रामनामाने त्यांना राग का यावा, असा प्रतिप्रश्न तेव्हा विचारला गेला. प्रश्न चतुर आहे, पण प्रामाणिक नाही. घोषणा देणाऱ्यांना त्या क्षणी रामाची आठवण झाली नव्हती. या बाईंना हे नाव झोंबते, एवढेच त्यांना आठवले होते. मराठी घरात लहान मुलालाही देवाचे नाव चेष्टेने घेतले की आजी दटावते. ज्या नामासाठी पिढ्यान् पिढ्या लढल्या, ते नाम प्रतिपक्षाच्या स्त्रीला डिवचण्याचे साधन करायचे, यात नामाची कोणती प्रतिष्ठा वाढली? आणि ज्या नेताजींसाठी सारे जमले होते, ते त्या दिवशीच्या बातम्यांत कुठे होते?

दुसरा प्रसंग तर अंगावर शहारा आणणारा आहे. ३० डिसेंबर २०२२ रोजी पहाटे पंतप्रधानांच्या मातोश्री हीराबेन यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार उरकून मोदी त्याच दिवशी दूरदृश्य प्रणालीद्वारे हावड्याच्या वंदे भारत गाडीच्या कार्यक्रमाला उपस्थित राहिले. वैयक्तिक दुःख बाजूला ठेवून शासकीय कर्तव्य पार पाडण्याचे हे उदाहरण दीर्घकाळ सांगितले जाईल. हावडा स्थानकावर मात्र ममता बॅनर्जी आल्या तशा पुन्हा त्याच घोषणा झाल्या आणि त्या व्यासपीठावर न चढता खालीच बसल्या. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव आणि राज्यपाल आनंद बोस यांना त्यांची मनधरणी करावी लागली. त्याच मुख्यमंत्र्यांनी आपल्या भाषणात पंतप्रधानांचे सांत्वन केले. ज्या नेत्याचा जयजयकार करायला ते कार्यकर्ते आले होते त्या नेत्याची आई त्या सकाळी गेली होती. त्या दिवशी त्या स्थानकावर कोणी सांगण्याची वाट न पाहता शांतता असायला हवी होती.

ममता बॅनर्जींची बाजू घेण्याचे अर्थातच कारण नाही. २८ मे २०२१ रोजी ‘यास’ चक्रीवादळाच्या हानीचा आढावा घेण्यासाठी पंतप्रधान कलाईकुंडा येथे आले असता त्यांना आणि राज्यपालांना ताटकळत ठेवून, हानीचे कागद हातात देऊन त्या निघून गेल्या होत्या. विरोधी पक्षनेते शुभेंदु अधिकारी बैठकीस असणे हा त्यांचा एक आक्षेप होता. परवानगी घेऊन निघाले, असे त्यांचे म्हणणे. वादळात घर गमावलेल्या माणसाला या मानापमानाशी काय करायचे असते? ज्यांना नेताजींच्या कार्यक्रमात शासकीय व्यासपीठाची प्रतिष्ठा आठवली, त्यांना चारच महिन्यांत तिचा विसर पडला. पुढे मे २०२१ चे उदाहरण देऊन जानेवारी २०२१ चे समर्थन करणारेही भेटतात. कालक्रम उलटा आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

संघटनेच्या संस्कारात वाढलेल्या कार्यकर्त्याने येथे एका गोष्टीचा विचार करावा. उत्सवात, बौद्धिकात, वर्गात तो तासन् तास निःशब्द बसतो. सूचना येईपर्यंत टाळीही वाजवत नाही. पाहुणा मतभेद असलेला असला तरी त्याचे बोलणे अखेरपर्यंत ऐकतो. २०१८ च्या जूनमध्ये प्रणव मुखर्जी नागपूरला तृतीय वर्ष वर्गाच्या समारोपाला आले, तेव्हा त्यांनी आपले विचार कोणतीही मुरड न घालता मांडले आणि हजारोंच्या समुदायाने ते शांतपणे ऐकले. मग तोच कार्यकर्ता शासकीय मांडवात शिरताना हा संस्कार पादत्राणांसारखा बाहेर काढून ठेवतो की काय?

आमंत्रण आणि आसन

बहिष्काराचा मार्ग हा घोषणांच्या मार्गाचा सख्खा भाऊ आहे. २६ फेब्रुवारी २००३ रोजी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या तैलचित्राचे अनावरण राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. लोकसभेचे अध्यक्षपद तेव्हा मनोहर जोशींकडे होते. काँग्रेस आणि डाव्या पक्षांनी समारंभावर बहिष्कार टाकला आणि राष्ट्रपतींनीही जाऊ नये यासाठी प्रयत्न झाले. कलाम गेले. त्यांच्या दृष्टीने तो संसदेचा समारंभ होता आणि संसदेने बोलावले असता राष्ट्रपतींनी जायचे असते. तीस जून २०१७ च्या मध्यरात्री वस्तू आणि सेवा कराचा प्रारंभ त्याच सभागृहात झाला, तेव्हाही काँग्रेस बाहेर राहिली, जरी त्या कराची आखणी करण्यात तिच्याही सरकारचा वाटा होता. २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला विरोधी पक्षांच्या मोठ्या गटाने पाठ फिरवली. उद्घाटन राष्ट्रपतींनी करावे, हा त्यांचा मुद्दा वादासाठी क्षणभर मान्य केला, तरी ज्या वास्तूत पुढची कित्येक दशके बसायचे तिच्या गृहप्रवेशालाच गैरहजर राहून काय साधले?

बहिष्कार आणि नकार यांत फरक मात्र केला पाहिजे. २२ जानेवारी २०२४ च्या अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेचे निमंत्रण तीर्थक्षेत्र न्यासाचे होते. ते नाकारणाऱ्यांवर हिंदू समाजाने रोष धरला, तो त्याचा अधिकारच आहे. परंतु त्याला राजशिष्टाचाराचा भंग म्हणता येणार नाही. शासकीय समारंभाचे तसे नसते. तेथे यजमान शासन असते आणि पाहुणाही पदामुळे बोलावलेला असतो.

म्हणूनच यजमानाची जबाबदारी अधिक. केंद्र सरकारची अग्रक्रमाची सूची २६ जुलै १९७९ च्या अधिसूचनेने ठरलेली आहे आणि ती खास शासकीय व औपचारिक समारंभांसाठीच आहे. तीत संसदेच्या दोन्ही सभागृहांतील विरोधी पक्षनेत्यांना केंद्रीय कॅबिनेट मंत्र्यांच्या बरोबरीने सातवे स्थान आहे. १५ ऑगस्ट २०२४ रोजी लाल किल्ल्यावर लोकसभेतील विरोधी पक्षनेते राहुल गांधी मागच्या रांगांत बसलेले दिसले. पुढच्या रांगा ऑलिंपिक पदकविजेत्यांना दिल्याचा खुलासा करण्यात आला. खेळाडूंचा मान कोणाला नको आहे? पण त्यांच्यासाठी सूचीतील सातव्या स्थानाला मागे नेण्याची आवश्यकता नव्हती. आणखी एक रांग मांडता आली असती. राहुल गांधींविषयी ममत्व असण्याचा येथे प्रश्नच येत नाही. उद्या त्या खुर्चीवर भाजपचा नेता असेल, पूर्वी अडवाणी होते, सुषमा स्वराज होत्या. खुर्ची मागे सरकवली की ती त्यांचीही सरकते.

याच्या उलट उदाहरणेही आहेत आणि ती दोन्ही बाजूंना आहेत. १९९४ मध्ये जिनिव्हा येथे मानवाधिकार आयोगापुढे काश्मीरप्रश्नी भारताची बाजू मांडण्यासाठी पंतप्रधान नरसिंह राव यांनी शिष्टमंडळाचे नेतृत्व विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांच्याकडे दिले, आणि वाजपेयींनी ते स्वीकारले. १९७७ मध्ये परराष्ट्रमंत्री म्हणून वाजपेयी साउथ ब्लॉकमध्ये गेले, तेव्हा तेथील मार्गिकेतून नेहरूंचे चित्र काढलेले त्यांना दिसले. त्यांनी विचारणा केली आणि चित्र पुन्हा जागेवर आले. ही आठवण ते स्वतः सांगत. मे २०१४ मध्ये मोदींच्या शपथविधीला मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी उपस्थित होते. आणि २८ नोव्हेंबर २०१९ रोजी शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे मुख्यमंत्रिपदाची शपथ घेत असताना देवेंद्र फडणवीस समोर बसलेले होते. दोनच दिवसांपूर्वी त्यांना स्वतःच्या मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला होता. मित्रपक्षाने साथ सोडल्याची जखम ओली होती. तरीही ते गेले. ५ डिसेंबर २०२४ रोजी आझाद मैदानावर फडणवीसांचा शपथविधी झाला, त्याला महाविकास आघाडीचे प्रमुख नेते आले नाहीत.

चहापान

महाराष्ट्रापुरता या विषयाचा सर्वांत बोलका भाग म्हणजे अधिवेशनाच्या पूर्वसंध्येचे चहापान. मुंबईत सह्याद्री अतिथिगृहावर, नागपुरात रामगिरीवर मुख्यमंत्री सर्वपक्षीय नेत्यांना चहाला बोलावतात. कल्पना मोठी सुंदर आहे. दुसऱ्या दिवसापासून एकमेकांवर तुटून पडायचे आहे, तर त्याआधी एकदा समोरासमोर बसावे, कामकाजाचा अंदाज घ्यावा, एखादे अडलेले विधेयक वा एखाद्या भागातील दुष्काळाचा विषय इतिवृत्ताबाहेर बोलून मोकळा करावा. प्रत्यक्षात आता या प्रथेचे एकच अंग शिल्लक आहे, ते म्हणजे बहिष्कार. विरोधी पक्ष एकत्र बैठक घेतात, सरकारच्या अपयशांची जंत्री असलेले पत्र काढतात आणि चहापानावर बहिष्कार जाहीर करतात. नंतर मुख्यमंत्री पत्रकार परिषदेत त्या पत्राला उत्तर देतात. दोन्ही पत्रकार परिषदांचा मजकूर गेल्या वर्षीचा काढून यंदा छापला तरी फारसे बिघडणार नाही. काँग्रेस आघाडीच्या काळात शिवसेना-भाजपने हेच केले, २०१४ नंतर काँग्रेस-राष्ट्रवादीने केले, २०१९ ते २०२२ या काळात विरोधी पक्षनेते या नात्याने फडणवीसांनी केले, त्यानंतर महाविकास आघाडी करीत आली. या एका बाबतीत राज्यात पूर्ण एकमत आहे!

त्या पत्रातली जंत्री खोटी असते असे नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्या, पीकविम्याची रक्कम, रखडलेली भरती, हे विषय खरेच असतात. मग ते पत्र घेऊन रामगिरीवर जायला काय हरकत आहे? चहा घेऊन, पत्र मुख्यमंत्र्यांच्या हाती देऊन, त्याच फाटकाबाहेर पत्रकारांशी बोलता येईल. चहा घेतला म्हणजे सरकार मान्य केले, असे विदर्भातील कोणता शेतकरी समजतो? उलट आपला आमदार मुख्यमंत्र्यांशी समोरासमोर बोलला, याचेच त्याला समाधान वाटेल. १९५३ च्या नागपूर कराराला जागून सरकार दरवर्षी काही काळ नागपुरात येते ते विदर्भाचे ऐकण्यासाठी. त्या ऐकण्याचा आरंभच रिकाम्या खुर्च्यांनी होतो.

तरीही पुढाकार घ्यायचा तो यजमानाने, आणि येथे भाजपच्या समर्थकांनी आपल्या सरकारकडे थोडे कठोरपणे पाहावे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ जागांपैकी उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला २०, काँग्रेसला १६ आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीला १० जागा मिळाल्या. एकाही पक्षाला एकदशांश जागा मिळाल्या नाहीत, हे कारण पुढे झाले आणि २०२५ साली विधानसभेत विरोधी पक्षनेत्याचे पद रिक्तच राहिले. निर्णय अध्यक्षांचा असतो, हे खरे. पण चहापानाला ज्याला पहिल्यांदा बोलवायचे, ध्वजारोहणाला ज्याला पहिल्या रांगेत बसवायचे, तो पाहुणाच नेमलेला नसेल, तर बहिष्कार टाकणाऱ्याला आयते निमित्त मिळते. दिल्लीत २०१५ साली आम आदमी पक्षाने सत्तर पैकी सदुसष्ट जागा जिंकल्या होत्या. भाजपकडे अवघे तीन आमदार उरले होते. केजरीवालांच्या सौजन्याची कीर्ती काही फार नव्हती. तरीही त्या विधानसभेत भाजपच्या विजेंद्र गुप्ता यांना विरोधी पक्षनेत्याचा दर्जा देण्यात आला होता.